पाटलांचा पांढरा कावळा

आबाजी उडवीवरून पडला तेव्हा खळ्यावर निम्मं गाव होतं, त्यामुळे तो कसा पडला याबद्दल पुढे कधी वाद झाला नाही. वर उभा राहून तो भाताचे भारे रचत होता. भारा नीट बसला का ते बघायला मागे सरकला आणि मागे उडवी संपली होती. मांडीचं हाड मोडलं. कळंबच्या हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या, हळदीचा लेप दिला आणि होळीपर्यंत हलायचं नाही असं बजावून तो गेला.

ही गोष्ट भेंडवाडीची. कळंबहून पोशीरकडे जाताना ओढा ओलांडला की डाव्या हाताला ही वाडी लागायची. पहिली मोठी लढाई संपून तीन-चार वर्षं झाली होती. आबाजी तेव्हा चाळिशीला आलेला. थोडी भातखाचरं, एक बैलजोडी आणि सुंदरा नावाची बायको, एवढा त्याचा संसार. सुंदरा कमी बोलायची आणि बोलली की समोरच्याला उत्तर सुचायचं नाही.

पुढच्या ओटीवर झोडलेलं भात पडलं होतं, म्हणून सुंदराने नवऱ्याची खाट मागच्या पडवीत टाकली. पडवीसमोर परसू होतं. फणसाचं एक जुनं झाड, शेवगा, जास्वंदीची दाट जाळी, केळी आणि कडेने करवंदीचं कुंपण. आबाजीने तोवर परसवात फक्त लघवीला आणि केळीचं पान कापायला पाय ठेवला होता. पाखरं म्हणजे खाचरातला दाणा खाणारी जात, तिला गोफणीने हाकलायचं, यापलीकडे त्याचा त्यांच्याशी संबंध नव्हता. पण माणसं बघायला आली ती पहिले चार-पाच दिवस. नंतर आबाजीला बघायला पाखरंच उरली.

पहिल्यांदा त्याला टकली साळुंकी दिसली. बाकी अंग इतर साळुंक्यांसारखं, पण डोक्यावर एक पीस नाही. नुसतं पिवळट कातडं आणि बाजूला कानाची भोकं. आबाजीने सुंदराला हाक मारून दाखवली.

"उवा झाल्या आसतील मेलीला," सुंदरा म्हणाली आणि आत गेली.

आबाजी त्या साळुंकीवर नजर ठेवून राहिला. तिचा नवरा तिला पूर्वीसारखाच वागवतो का, हे त्याने मुद्दाम बघितलं. वागवत होता. बरोबर चरायला न्यायचा, बरोबर आणायचा. शिमग्याच्या सुमारास तिच्या डोक्यावर बारीक काळी लव आली, तेव्हा आबाजीला बरं वाटलं.

मग एक कावळा दिसला. तो मुंग्यांच्या वारुळावर पंख पसरून पालथा पडला होता आणि अंगावर मुंग्या चढू देत होता. आबाजीला वाटलं, हा मरतोय. मुंग्या पंखांत शिरल्या, मानेवर चढल्या, कावळा आ वासून पडून राहिला. बऱ्याच वेळाने तो उठला, झटकला आणि जेवण झाल्यासारखा उडून गेला. खाट सुटल्यावर आबाजीने ही हकीकत चावडीवर सांगितली. लोकांनी ऐकून घेतली. तो गेल्यावर कुणीतरी म्हणालं की मार मांडीला लागला होता, पण आत कुठपर्यंत गेलाय ते वैद्याने बघायला हवं होतं.

पाय किंचित आखूड राहिला. शेतीची कामं तो पूर्वीसारखी करू लागला, पण सवय जडली ती जडलीच. सकाळी तोंड धुताना आणि दिवस कलल्यावर तो परसवात बसायचा. सुंदराच्या भावाने मुंबईच्या गिरणीतून येताना एक आरसा आणला होता, तो पडवीच्या खांबाला टांगलेला असे. एका चैत्रात दयाळ पक्षी त्या आरशातल्या दयाळावर तुटून पडू लागला. दिवसभर चोची मारायचा, दमला की खांबाखाली बसायचा आणि पुन्हा उठायचा. आबाजीला त्याची दया आली. त्याने आरसा उलटा टांगला. तेव्हापासून त्या घरात दोघांनीही भांग अंदाजाने पाडायचा असं ठरलं. गावात मात्र बातमी पसरली की आबाजीला स्वतःचं तोंड बघवत नाही.

असं सगळं चाललं असताना फणसावर कावळ्याचं घरटं झालं. जेठात पिल्लं बाहेर पडली. त्यांतली काळी होती ती काळी होती, आणि एक पांढरं होतं.

अगदी दुधासारखं नव्हे, कोऱ्या मांजरपाटाच्या रंगाचं. चोच फिकी, पाय गुलाबी, डोळ्यांत लालसर झाक. आईबाप त्याला बाकीच्या पिल्लांइतकंच भरवायचे, त्यात आबाजीला काही खोट सापडली नाही. पण पिल्लू उडू लागलं आणि त्याचे हाल सुरू झाले. उन्हात त्याला धड दिसत नव्हतं. फांदीवर उतरायला जायचं आणि फांदीच्या अलीकडेच पाय टेकायचं. शिवाय गावातले बाकीचे कावळे त्याला दिसेल तिथे मारायचे. मग ते दिवसभर जास्वंदीच्या जाळीत डोळे मिटून बसायचं आणि दिवस मावळताना, इतर कावळे झोपायला गेले की, बाहेर यायचं. आबाजी त्या वेळी त्याच्यासाठी फणसाखाली भाताची मूठ ठेवू लागला.

"तुमच्या ताटातला घाला," सुंदरा म्हणाली. "माझ्या टोपातला नको."

त्याने ताटातला घातला. लावणीचे दिवस होते, सगळं गाव चिखलात वाकलेलं. पांढरा कावळा बघायला कुणाला सवड नव्हती, आणि आबाजीनेही या खेपेला चावडीवर काही सांगितलं नाही.

भादव्यात विठू पाटील तापाने गेले.

विठू पाटील म्हणजे गावातला मोठा आवाज. ते ओढ्यावर बोलले की घराघरांत कळायचं. आबाजीचं आणि त्यांचं खाचराच्या बांधावरून जुनं वाकडं होतं. बांध दरवर्षी आबाजीच्या बाजूला थोडा सरकायचा. आबाजी म्हणायचा बांध सरकतोय, पाटील म्हणायचे आबाजी सरकतोय. पाटलांनी आबाजीच्या दारी कधी पाणी घेतलं नाही आणि आबाजीनेही कधी विचारलं नाही.

दहाव्या दिवशी पाऊस इतका होता की नदीवर भटजींना स्वतःचाच मंत्र ऐकू येईना. पिंड मांडला, पण कावळा येईल कुठून? पाटलांचा मुलगा धोंडी भिजत हात जोडून उभा राहिला. आईला नीट सांभाळीन म्हणाला, धाकट्या बहिणीचं लग्न चांगल्या घरी करीन म्हणाला, शेवटी आबाकाकाचा बांध सोडीन असंही म्हणाला. कावळा आला नाही. भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी आले. शास्त्राने काम झालं होतं, पण गावाच्या मनात काहीतरी राहून गेलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सखा गुरव देवळासाठी जास्वंदीची फुलं न्यायला आबाजीच्या परसवात आला. जाळीत हात घातला तर आत पांढरा कावळा बसलेला. सखा फुलं न घेताच परत गेला. दुपारपर्यंत करवंदीच्या कुंपणाबाहेर गाव जमलं.

"कोन हाय ह्यो?" मागून कुणीतरी विचारलं.

"पाटील," सखा म्हणाला.

"पाटील तर काळंसावळं व्हते."

"मेल्यावर रंग कशाला ऱ्हाईल, रं?"

आबाजी पुढे झाला. "सखा, ह्यो कावळा जेठापासून हितंच हाय. पाटील भादव्यात गेलं."

सखाने थोडा विचार केला. "मोठ्या मानसाचा जीव आधी येऊन जागा बघून ठेवतो," तो म्हणाला.

ठाकूरवाडीतला धाऊ त्याच वेळी लाकडाची मोळी घेऊन चालला होता, त्यालाही थांबवून विचारलं. धाऊने मोळी खाली ठेवली, कुंपणावरून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "कावळा." त्याला प्रश्न कळला नसावा असं सगळ्यांचं मत पडलं.

गावाला खरं कोडं पडलं ते वेगळंच. पाटील आले ते ठीक, पण आबाजीकडे का? धोंडीला ते फार लागलं. त्याने घरी खीर केली, वडे केले, अंगणात केळीच्या पानावर मांडले आणि वाट बघितली. काळे कावळे आले आणि वडे घेऊन गेले. मग त्याने आबाजीची परवानगी घेऊन परसवात काठीवर पाटी कलती करून ठेवली, काठीला दोरी बांधली आणि दोरी धरून केळीआड बसला. पहिल्यांदा सुंदराची कोंबडी अडकली. दुसऱ्यांदा काळा कावळा अडकला, त्याने धोंडीचा अंगठा फोडला. पांढरा कावळा जाळीतून हललाही नाही. त्यानंतर धोंडी रोज संध्याकाळी येऊन नुसती चौकशी करू लागला.

"आबाकाका, बाबानं आज काय खाल्लं?"

आबाजीला खोटं बोलायची सवय नव्हती. "भात खाल्ला थोडा. आनि एक टोळ."

"टोळ?"

"जित्ता व्हता."

धोंडी मान हलवून गेला. त्या आठवड्यात त्याने बांध मागे घेतला. आबाजी नको म्हणत होता. ही जमीन कावळ्याच्या नावावर मिळते आहे, हे त्याला पटत नव्हतं. पण बांध जिथे होता तिथेच परत गेला आहे, एवढंच सुंदरा म्हणाली. भात निघाल्यावर तिने त्या पट्टीत वाल पेरले.

मग पाटलीण येऊ लागली.

इंदूबाई पाटलीण म्हणजे गावाने कधी न ऐकलेला आवाज. पाटलांच्या घरात बोलायची जागा एकच होती आणि ती भरलेली असे. ती विहिरीवर पाणी भरायची, मान खाली घालून जायची. एका दुपारी ती आबाजीच्या मागच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आबाभावजी, जरा बसू का?"

तिने परसवातला पालथा पडलेला उखळाचा दगड पुसला, जाळीसमोर बसली आणि कावळ्याशी बोलू लागली.

"अवं," ती म्हणाली, "ऐकताय न्हवं?"

कावळा डोळे मिटून बसला होता. ऊन होतं.

"माजी आय दुखन्यात पडली तवा मला खांडसला जाऊ दिलं नाय तुमी. भात झोडायचं हाय म्हनालात. भात झोडून झालं तवर आय गेली. मंग म्हनालात, आता जाऊन काय करनार?"

आत सुंदरा जात्यावर होती. तिचा हात थांबला. आबाजी पडवीत दोरी वळत बसला होता, तो दोरी घेऊन पुढच्या ओटीवर गेला. नवरा-बायकोच्या बोलण्यात बसणं त्याला बरं दिसेना.

इंदूबाई दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली. रोज एक गोष्ट काढायची. एकदा आमटीत मीठ कमी म्हणून पाटलांनी ताट भिरकावलं होतं, ती काढली. "मी सगळं गोळा केलं. तुमी दुसरं ताट मागितलंत. त्याच टोपातली आमटी वाढली, मीठ तेवढंच व्हतं, आनि तुमी मुकाट्यानं खाल्लीत. तवाच मला कळायला पायजे व्हतं." एकदा पाळलेली बकरी तिला न विचारता पाहुण्यांसाठी कापली होती, ती काढली. त्या दिवशी ती बकरीला नावाने हाक मारून रडली. शिव्या द्यायची पाळी आली तरी 'तुमी' मात्र तिने सोडलं नाही.

गावात याचं फार कौतुक झालं. नवऱ्यावर केवढी माया, रोज जाऊन त्याच्याजवळ बसते, असं बायका म्हणत. कुंपणाजवळ येऊन ऐकायची मात्र कुणाची छाती झाली नाही, कारण पाटील मेले तरी पाटीलच होते.

आबाजीचं मन त्याला खात होतं. भोळ्या बाईला आपण फसवतोय असं त्याला वाटायचं. सुंदराजवळ बोलला तर ती म्हणाली, "तिला इचारा. मला काय इचारता?" तो कार्तिकातल्या एका दुपारी परसवात गेला. इंदूबाई नुकतीच येऊन बसली होती.

"वैनी, एक सांगायचं ऱ्हायलंय," तो म्हणाला. "ह्यो कावळा म्हंजे पाटील न्हवं. ह्यो त्या फनसावर जन्माला आला तवा पाटील माज्या बांधावर हुबं ऱ्हाऊन मला शिव्या देत व्हते. दोगं एकाच टायमाला व्हते. मी दोगांनाबी बघितलंय."

इंदूबाईने पदर सारखा केला. "ठावं हाय."

"ठावं हाय?"

"आखाडात तुमच्या कुंपनाकडनं जाताना म्या ह्याला बघितला व्हता. घरी जाऊन ह्यांनाच सांगितलं. म्हनले, तुजे डोळे गेलेत."

आबाजी उभा होता तो खाली बसला. "मंग येता कशाला वैनी?"

"बोलू कुठं?" ती म्हणाली. "घरात धोंडी हाय, सून हाय. इहिरीवर बोलले तर गावभर व्हनार. हितं सगळी म्हनतात पाटील हायत, म्हनून माज्या बोलन्याला कोन हसत नाय." मग म्हणाली, "तुमाला अडचन व्हत आसंल तर नाय येत."

"माजी कसली अडचन," आबाजी म्हणाला. "त्याला तसंबी दुपारचं काय काम नसतं."

ती येत राहिली. पौष गेला आणि तिच्या गाऱ्हाण्यांचा साठा संपत आला. एक-दोन दिवस तर ती नुसती बसली. मग कावळ्याला ती साध्या गोष्टी सांगू लागली. गाय व्याली, धोंडीच्या अंगठ्याला अजून खपली आहे, नदीकाठच्या आंब्याला मोहोर बरा दिसतोय. पाटील असताना या गोष्टीही सांगायच्या राहून गेल्या असाव्यात. सुंदरा मधूनच दारात येऊन उभी राहायची. कधी कावळ्याऐवजी तीच विचारायची, "कालवड का खोंड?" आणि इंदूबाई मान वळवून तिला सांगायची.

चैत्रात एका सकाळी आबाजीला जास्वंदीखाली पिसं सापडली. पांढरी, काहींना रक्त लागलेलं. मातीत पंजे उमटले होते, रानमांजराचे. त्याने पिसं गोळा केली, फणसाच्या बुंध्याशी पुरली आणि हात धुऊन पाटलांच्या घरी गेला. इंदूबाई अंगण सारवत होती.

"वैनी, रानमांजरानं नेला त्याला."

ती उठून उभी राहिली. हात शेणाने भरलेले, ते तसेच अंगापासून लांब धरून. "दिवसा का राती?"

"राती आसंल."

"राती त्याला नीट दिसायचं," ती म्हणाली. "म्हंजे बघितलं आसंल त्यानं, काय येतंय ते."

एवढं बोलून ती पुन्हा सारवायला बसली. शेणाच्या हातांनी तिला डोळे पुसायचे झाले तर ती कसे पुसेल याचा आबाजीने विचार केला, आणि तो परत आला. घरी येऊन तो परसवात बसला नाही. दोन दिवस त्याने पाखरांकडे बघितलंच नाही. तिसऱ्या दिवशी सुंदराने कधी नव्हे ते आपल्या टोपातला भात फणसाखाली नेऊन ठेवला. काळे कावळे आले.

सुतक धरायचं का, यावर गावात चर्चा झाली. सखा गुरवाने मत दिलं की एक माणूस दोनदा मरत नाही, अंघोळ पुरे. धोंडीने अंघोळ केली. नंतर तो खाचरावर गेला आणि बांधाकडे बघत बराच वेळ उभा राहिला. तिथे सुंदरा वालाच्या वाळलेल्या शेंगा तोडत होती. तिने त्याच्या उपरण्यात दोन ओंजळी शेंगा टाकल्या. धोंडी त्या घेऊन घरी गेला आणि बांधाचा विषय तिथे मिटला.

वैशाखात इंदूबाईने धोंडीला सांगितलं की मी खांडसला भावाकडे जाते, बैलगाडी जोड. विचारलं नाही, सांगितलं. धोंडीने तोंड उघडलं आणि ती उभीच राहिली, म्हणून त्याने गाडी जोडली. लग्न झाल्यापासून ती माहेरी इतके दिवस कधीच राहिली नव्हती. आई नव्हती, घर भावजयीचं झालं होतं, तरी राहिली. मृगाच्या तोंडावर परत आली ती गाडीतून उतरून आधी आबाजीच्या मागच्या दाराशी गेली. हातात बोचकं तसंच.

आबाजी नांगराचा दांडा तासत होता. सुंदरा शेवग्याची पानं खुडत होती.

"आबाभावजी," इंदूबाई म्हणाली, "भावाच्या घरामागं एक नवल बघितलं. ते सातभाय नसतात का, मातकट, कलकल करनारे? त्यांतली दोन पाखरं एका पोराला भरवत व्हती. पोर त्यांच्या दुप्पट. पट्ट्यापट्ट्यांचं, शिकऱ्यागत. आय एवडीशी, आनि पोराच्या चोचीत तिचं आख्खं डोकं जायचं. मी रोज बघायला जायची. भावजय म्हनली, वन्संना काय झालंय?"

आबाजीने वाकस खाली ठेवली. इतक्या वर्षांत पाखराबद्दल त्याला आपणहून येऊन कुणी काही सांगितलं नव्हतं.

"डोळे कसे व्हते?" त्याने विचारलं.

"कुनाचे? आयचे का पोराचे?"

"दोगांचे."

इंदूबाईने बोचकं पडवीत ठेवलं, उखळाच्या दगडावर बसली आणि आधी आईचे कसे होते ते सांगू लागली.